वेण्णेच्या धोंड्याखाली

कुपवाडला नदी नाही. कृष्णा सांगलीची, आणि तिच्यावर मिरजकरांचाही हक्क आहे. या दोन मानकऱ्यांच्या मध्ये जरा उत्तरेकडे अंग चोरून बसलेल्या कुपवाडच्या वाट्याला आला तो माळ, चार बाभळी आणि पुढे कारखान्यांचे भोंगे. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड अशा तिघांची मिळून एक महानगरपालिका झाली, तेव्हा नावात तिसरे का होईना, पण आमचे गाव आले. नदी मात्र आली नाही. ती येते नळाने, तिच्या मर्जीच्या वेळी. आमच्या आळीतल्या आजीबाई नळ सुटला की बादली सरकवता सरकवता "आली गं कृष्णामाई!" म्हणून हात जोडतात. नदीकाठच्या माणसांना हे गमतीचे वाटेल. पण आम्हा माळावरच्या लोकांना नदी अशीच भेटते, आणि म्हणूनच कदाचित तिच्याविषयी आम्हाला चौकशा जास्त.

या आजीबाईंच्या घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची एक पेटी आहे. पेटीत लाल-पिवळे दहाबारा मासे, बुडबुडे सोडणारी नळी आणि प्लॅस्टिकचा किल्ला. या रंगीत दरबारात एक काळाकरडा इसम काचेला तोंड चिकटवून दिवसच्या दिवस स्वस्थ असतो. दुकानदार त्याला 'सकर' म्हणतात. काचेवरचे शेवाळ खाऊन पेटी स्वच्छ ठेवतो, म्हणून त्याला आणायचे. आणला तेव्हा तो बोटाएवढा होता, आता माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत भरेल. अंगावर खवले नाहीत. त्याऐवजी हाडांच्या पट्ट्या, एकीवर एक रचलेल्या, शिंदेशाही शिपायाच्या चिलखतासारख्या. परांच्या पुढच्या कडेला जाड काटा. असा हा जिरेटोप-चिलखत घातलेला गडी पेटीतला केर काढतो, हे पाहून मला नेहमी पेन्शनीत निघालेल्या सरदाराची आठवण होते.

आजीबाईंचा नातू सातवीत आहे. एके दिवशी त्याने मला विचारले, "काका, ह्याचं गाव कोणतं हो?"

गाव फार दूरचे. दक्षिण अमेरिका. तिकडच्या नद्यांत या चिलखती, मिशाळ माशांचे एक अवाढव्य कूळ नांदते. आजवर त्यातल्या सुमारे हजार जाती शास्त्रज्ञांनी मोजल्या आहेत. पेटीतले महाशय सखल प्रदेशातल्या संथ, गढूळ पाण्याचे रहिवासी. पण त्यांचे काही धाकटे भाऊबंद डोंगरात चढले. अँडीज पर्वतावरून धो धो कोसळणाऱ्या ओढ्यांत 'कीटोस्टोमा' नावाच्या वंशाचे वीतभर मासे राहतात. अंगावर चिलखत, नाकाचा शेंडा तेवढा उघडा आणि मांसल, आणि तोंड म्हणजे एक गोल वाटी. पाण्याच्या लोंढ्यात दगडाला ही वाटी लावली की मासा जागचा हलत नाही. तोंडानेच धरायचे आणि त्याच तोंडाने दगडावरचे शेवाळ खरवडून खायचे. राहण्याचा आणि खाण्याचा प्रश्न एकाच अवयवाने सोडवला!

मुलाने हे ऐकून घेतले आणि दुसरा प्रश्न टाकला. मुलांचा दुसरा प्रश्न नेहमी पहिल्यापेक्षा अवघड असतो. "मग आपल्या डोंगरातल्या नदीत असा मासा नाही?"

आता आपल्याकडे डोंगर काय कमी आहेत? महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांच्या धारा एकत्र दाखवतात. त्यांपैकी वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडला, आणि खाली हरिपुराला पश्चिमेकडून वारणा येऊन मिळते. आमच्या नळात येते ते या सगळ्या बहिणींचे एकत्र कुटुंबाचे पाणी. त्या डोंगरात, त्या खळाळात, दगडाला धरून राहणारा मासा असलाच पाहिजे. मी पुस्तके काढली.

पुस्तकांत पहिला भेटला तो एक गोरा साहेब. विल्यम हेन्री साइक्स. लष्करात कर्नल, आणि मुंबई सरकारने दख्खनची खानेसुमारी, पिके, हवामान यांची माहिती गोळा करायला नेमलेला. या गृहस्थाला पक्षी, प्राणी, मासे, सगळ्यांचे वेड. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९ साली लंडनला छापून आला. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की, नव्या माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने पुष्कळदा आपल्या कोळ्याभोयांच्या तोंडची नावेच उचलली. लॅटिनच्या कोटावर मराठी फेटा! खुदरी, कोळस, मल्ल्या, शिंगटी, घोगरा ही सगळी मंडळी साइक्सच्या कानाने ऐकलेल्या उच्चारांत आज जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत बसली आहेत. नदीकाठी नावे विसरली गेली तरी तिथे ती राहतील. त्याच यादीत एक छोटा मिशाळ मासा आहे, 'लोना'.

या लोनाची पुढची चौकशी केली ती डॉ. सुंदरलाल होरा यांनी. कलकत्त्याच्या प्राणिसर्वेक्षण खात्यातले हे मोठे संशोधक, पुढे त्या खात्याचे संचालकही झाले. डोंगरी ओढ्यांतले जीव वाहून का जात नाहीत, या एका प्रश्नाने त्यांना आयुष्यभर पछाडले होते. त्यावरचा त्यांचा मोठा निबंध १९३० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. १९३८ साली त्यांनी साइक्सच्या लोनाची नीट ओळख पटवली, आणि त्याच लेखात दख्खनमधल्या त्याच्या दोन भाऊबंदांचे प्रथमच वर्णन केले. एकाला पुण्याचे नाव मिळाले. दुसरा सापडला होता सातारा जिल्ह्यात, 'येन्ना' नदीत. नकाशात येन्ना शोधू नका. इंग्रजांच्या दप्तरात आपल्या वेण्णेचा तेवढा उच्चार झाला आहे. या वेण्णेच्या माशाला होरांनी नाव दिले 'ट्रेवावसी', लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या मत्स्यशास्त्रज्ञ एथेलविन ट्रेवावस यांच्या सन्मानार्थ. जावळीच्या खोऱ्यातल्या बोटभर माशाला लंडनच्या विदुषीचे नाव! नामकरणाला ना मासा हजर, ना गाव.

त्याला भेटायला जायचे ठरवून माघात एका सकाळी मी सांगली स्टेशनवर गाडीत बसलो. हा रेल्वेचा रस्ता मला फार आवडतो. भिलवडी, किर्लोस्करवाडी, ताकारी... दोन्ही बाजूंना ऊस, आणि त्याच्यापलीकडे कुठेतरी कृष्णा, दिसत नसली तरी हिरव्या रंगावरून तिचा पत्ता लागतो. कऱ्हाडचे स्टेशन येते ते ओगलेवाडीला. इथल्या काचकारखान्याचे प्रभाकर कंदील एके काळी घरोघर टांगलेले असत. साताऱ्याचे स्टेशनही गावापासून दूर, माहुलीच्या बाजूला. माझ्या दृष्टीने ती सोयच झाली.

संगम माहुलीला वेण्णा कृष्णेच्या कुशीत शिरते. काळ्या दगडाचे घाट, विश्वेश्वराचे देऊळ, पलीकडच्या काठाला क्षेत्र माहुली, रामशास्त्र्यांचे गाव. शाहूमहाराजांच्या समाधीच्या परिसरात त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही समाधी आहे. ज्या गावाने कुत्र्याची आठवण दगडात ठेवली, तिथे माशाची चौकशी करायला संकोच कसला? घाटावर जाळे विंचरत बसलेल्या एका म्हाताऱ्या भोयाला मी लोनाचे वर्णन सांगितले. बोटाएवढा, पोट सपाट, मिशा आठ, दगडाला चिकटतो. तो हसला.

"आसंल की. पर त्याला कोन इचारतंय, सायेब? खायाला काय न्हाई, इकायला काय न्हाई." मग जाळ्यातले दोन मासे दाखवून म्हणाला, "आता समदी चिलापीच. ही घ्या, बगा."

चिलापी म्हणजे आफ्रिकेचा पाहुणा. मासे वाढावेत, लोकांना खायला मिळावेत म्हणून गेल्या शतकात तो देशात आणला गेला, आणि आता पाहुणा कोण नि घरधनी कोण हे सांगता येऊ नये इतका तो रुळला आहे. भोयाची तक्रार नव्हती. त्याचे पोट तिच्यावर होते. पण लोना असा इथे भेटायचा नाही, हे माझ्या लक्षात आले. संगमावर पाणी संथ, तळाशी गाळ. धरायला दगड कुठे आहे?

म्हणून एस. टी. पकडून मेढ्याकडे निघालो. वाटेत कण्हेरचे धरण लागते. वेण्णा इथे अडवली आहे, आणि तिचे पसरलेले निळे पाणी बराच वेळ गाडीच्या सोबतीला असते. खिडकीतल्या एका मुलीने "समुद्र!" म्हणून टाळी वाजवली. मेढा ओलांडून केळघरच्या रोखाने गेलो, तेव्हा धरणाचा फुगवटा संपला आणि नदीला पुन्हा आवाज फुटला. मी उतरलो. गुडघाभर पाणी, गोल गोटे, मधून मधून फेसाळणारी धार. धोतर असते तर कासोटा मारला असता. पँट वर दुमडून पाण्यात उतरलो आणि एकेक धोंडा उलटू लागलो.

काठावरच्या रानातून एक शेतकरी बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. शेवटी त्याला राहवले नाही.

"पाव्हणं, काय पडलंय का पान्यात?"

"न्हाई मामा, मासा हुडकतोय. दगडाला चिकटणारा."

"आसं उलटं धोंडं टाकून व्हय घावतोय त्यो!" असे म्हणून मामा पाण्यात आले. त्यांनी मला बाजूला सारले, जिथे धार सगळ्यांत जोराची होती तिथे वाकले आणि परातीएवढा एक चपटा धोंडा अलगद, पाण्याबरोबरच उचलला. धोंड्याच्या खालच्या अंगाला मासा होता. धोंडा पाण्याबाहेर आला, पाणी निथळून गेले, तरी क्षणभर मासा तसाच उलटा धरून राहिला, भिंतीवरच्या पालीसारखा. मग ओंजळीत पडला.

वाचकहो, एवढा प्रवास करून दाखवावे असे त्याचे रूप नव्हते. लांबी माझ्या मधल्या बोटाएवढी. रंग ओल्या दगडाचा. डोके पुढून चापट, डोळे मोहरीसारखे, ओठांभोवती मिशांच्या चार जोड्या. अंगावर खवल्याचा पत्ता नाही. चिलखत तर दूरच, साधा सदराही नाही, उघडाबोडका देह. पण त्याला उलटा केला, आणि सगळे उमजले. छातीवर, पुढच्या दोन परांच्या मध्ये, कातडीच्या बारीक बारीक उभ्या चुण्या होत्या, नऊवारीच्या निऱ्या दाबून बसवाव्यात तशा. बोट टेकवले तर कानशीसारखे किंचित खरखरीत लागले. या चुण्यांवर सूक्ष्मदर्शकातूनच दिसणारे काटे असतात. दगडाच्या खडबडीत अंगात ते अडकतात, आणि पाणी जितके वरून दाबेल तितकी चपट्या माशाची पकड घट्ट होते. ज्या लोंढ्याने वाहून जायचे, त्याच्याच जोरावर उभे राहायचे!

अँडीजच्या भावाने तोंडाने धरले, सह्याद्रीच्या भावाने छातीने. त्याने हाडांचे चिलखत घातले, याने कातडीलाच चुण्या पाडल्या. दोघांची आजन्म गाठभेट नाही, नाते म्हणावे तर फार दूरचे. पण डोंगरातल्या पाण्याने दोघांना एकच गणित घातले आणि दोघांनी ते आपापल्या रीतीने सोडवले.

होरांना या माशात आणखी एक कोडे दिसले होते. याचे सख्खे भाऊबंद हिमालयात, आसामात, थेट मलायापर्यंत आहेत. मग मधले मैदान ओलांडून हा सह्याद्रीत आला कसा? फार पूर्वी विंध्य-सातपुड्याची रांग पाण्याने भरलेली, सलग ओढ्यांची असावी, आणि तिच्या अंगाने पूर्वेचे मासे पायरीपायरीने पश्चिम घाटात उतरले असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. सातपुडा-सिद्धांत म्हणून तो प्रसिद्ध झाला. पुढच्या संशोधकांनी त्यावर पुष्कळ शंका काढल्या, काढतही आहेत. पण तर्क खरा असो वा नसो, माझ्या ओंजळीतला तो उघडाबोडका जीव कुठल्याही राजघराण्यापेक्षा जुना, आणि वंशपरंपरेने दगड धरून बसलेला होता.

"मामा, खाली धरणात असतो का हा?" मी विचारले.

"तितं कशाला ऱ्हाईल?" मामांनी ओंजळ पाण्यात सोडली. "पानी पळतंय तवर ह्यो. पानी बसलं की ह्यो गेला."

होरांच्या चोपड्यांतले सार मामांनी दोन वाक्यांत सांगून टाकले. वाहत्या पाण्यात हवा विरघळलेली असते, दगड धुतलेले असतात, दगडांखाली पाणकिड्यांच्या अळ्या असतात. तेच त्याचे अन्न. पाणी थांबले की गाळ बसतो, दगडाच्या फटी बुजतात आणि अळ्या जातात. मासा मारायला कुणी येत नाही. त्याच्या पायाखालची जमीनच जाते. धरणांना मी नावे ठेवत नाही. त्यांच्याच पाण्यावर आमचा ऊस, आमचे दिवे, आमचा नळ. पण कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, कोयनेवर १९६४ साली पुरे झालेले मोठे धरण, वारणेवर चांदोली, अशी एकेक नदी जिन्याच्या पायऱ्यांसारखी झाली. आणि या माशाला पायऱ्या चालत नाहीत, त्याला उतार लागतो. त्यात खाली वाळूचा उपसा, वर गाळ. पुण्याचा आणि वेण्णेचा, दोन्ही भाऊबंद आज जगाच्या धोकाग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहेत.

कृष्णेच्या खोऱ्यात नवल असे की ते कुणाच्या लक्षात येत नाही. कोल्हापूरच्या पंचगंगेतून डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ साली एका नव्या मिशाळ माशाचे वर्णन केले आणि त्याचे इकडचे नावच शास्त्राला देऊन टाकले, 'खवलचोर'. हा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. म्हणजे पाहा, एकाच खोऱ्यात एक चिलखताशिवाय जगणारा साधू आणि एक दुसऱ्यांची चिलखते पळवणारा चोर! बाहेरून आणखी कुणी आणायची खरोखर गरज नव्हती.

पण आणले गेले. मी कुपवाडला परतलो तेव्हा आजीबाईंच्या घरी निराळाच बेत शिजत होता. सकर आता पेटीत मावत नव्हता. वळताना शेपटीने किल्ला पाडत होता. आजींनी निकाल दिला होता, "मुका जीव आहे, कोंडून कशाला पाप घ्या? रविवारी कृष्णामाईला सोडून येऊ. पुण्य लागेल." पोराने बादलीसुद्धा घासून ठेवली होती.

आजींच्या दयेपुढे माझी विद्या काय चालणार? तरी मी सांगितले. हा गडी सहजासहजी मरत नाही. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवा गिळतो आणि पोटात जिरवतो; गटारासारख्या पाण्यातही तग धरतो. काठाच्या मातीत बिळे पाडून तिथे अंडी घालतो, त्यामुळे काठ ढासळतात. चिलखतामुळे त्याला खाणारे कमी, आणि त्याचे काटे जाळी फाडतात. लोकांनी असाच दयाबुद्धीने सोडलेला हा मासा आज केरळपासून बंगालपर्यंतच्या पाण्यात पसरला आहे. आपल्या उजनीच्या जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यात तो येऊ लागला. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. दिवसभराची मेहनत आणि वर जाळ्याची शिलाई. दोष त्याचा नाही, आजी. तो त्याच्या गावी भला माणूस आहे. आपण त्याला ज्या घरात ढकलतो, तिथे आधीच कोणीतरी राहत असतो.

आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं पुण्य बुडालंच म्हणा की!"

"नाही आजी," नातू म्हणाला, "लोनाला लागलं."

मोठे मासे परत घेणारा एक दुकानदार मिरजेत निघाला. सरदारसाहेब झाकणाच्या डब्यातून रिक्षाने त्याच्याकडे रवाना झाले.

पुढे पावसाळ्यात एका संध्याकाळी हरिपूरला गेलो होतो. हरिपूर म्हणजे नाटककार देवलांचे गाव, हळदीच्या पेवांचे गाव. संगमेश्वराच्या देवळाखाली कृष्णा आणि वारणा एकमेकींत मिसळत होत्या. पाणी लालभडक, वेगाने पळणारे. सांगलीच्या आयर्विन पुलावर पाण्याने ४० फूट गाठले की इशारा होतो, ४५ ला धोका. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर इकडचा माणूस पावसाळ्यात नदीकडे धाकानेच पाहतो. मीही पाहत होतो. पण त्या लोंढ्यात मला आणखी एक गोष्ट दिसत होती. वर जावळीत, केळघरच्या ओढ्यात याहून जोराची धार उतरत असणार, आणि तिच्या ऐन मध्यात एका परातीएवढ्या धोंड्याच्या पोटाशी बोटभर लांबीचा एक जीव छाती टेकून निवांत बसलेला असणार. आम्ही पूर मोजतो, तो पुरावर राहतो.

आता दिवाळीची साफसफाई निघेल. माळ्यावरची अडगळ खाली येईल, आणि कंटाळा आलेली एखादी काचेची पेटीही. पेटी हवी त्याला द्या, किल्ला भंगारात घाला. पण आतले मासे दुकानदाराकडे किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे पोचवा. नदीला, ओढ्याला, गावतळ्याला नको. आणि सुट्टीत महाबळेश्वरला निघालाच असाल, तर मेढ्यावरून केळघरच्या घाटाने जा. जिथे नदीचा आवाज येईल तिथे गाडी थांबवा. एखादा धोंडा उचलून पाहिलात तर पाहा, मात्र पाहून झाला की होता तसाच, त्याच जागी, त्याच अंगावर ठेवा. खाली कुणाचे तरी घर असते.